छोट्या संग्रहालयासाठी अनुदानाचे प्रस्ताव आणि देणगीदारांचा शोध: सुरुवात कुठून करायची?

कोठारपाल

ना-नफा तत्त्वावर चालणाऱ्या एका छोट्या संग्रहालयात प्रस्ताव लिहिणं आणि देणगीदार शोधणं, दोन्ही कामं आता माझ्याकडे आहेत. संग्रह साधारण ४,००० वस्तूंचा: कापड, लाकूड, धातू, थोडी हस्तलिखितं, जुने फोटो. निम्म्या वस्तू हाताने लिहिलेल्या दाखलवहीत आहेत, काही सुट्या कार्डांवर आणि काहींची नोंदच नाही. कोठाराच्या दोन खोल्या दमट आहेत आणि कसर लागते. विश्वस्त मंडळाला डिजिटायझेशन, कोठाराची दुरुस्ती आणि नवं दालन, सगळं एकाच प्रस्तावात हवं आहे.

प्रश्न असे. योग्य देणगीदार नेमके कसे हुडकायचे आणि त्यांच्याकडे किती मागायचे? ‘गरज’ या रकान्यात वर्णनापलीकडे काय लिहितात? खर्चाचा अंदाज कुठे फसतो? आणि एक सल्लागार ‘अनुदान मिळालं तरच १० टक्के द्या’ म्हणतात, ते घ्यावं का?

चाळणी

आधी त्या एका प्रस्तावाचे तीन करा. कोठाराला पैसे देणारे आणि दालनाला देणारे बहुधा वेगळे असतात. दालनाच्या भिंतीवर नाव लागतं, उद्घाटन होतं, त्यामुळे तिथे कंपन्या आणि व्यक्ती येतात. कोठारात पाटी वाचायला कुणी जात नाही. ते काम जतन-संवर्धनासाठीच निधी ठेवणाऱ्या संस्थांचं. डिजिटायझेशनला तिसराच वर्ग: ग्रंथालयं, विद्यापीठं, संशोधनाला मदत करणारे न्यास. तिन्ही एकत्र मांडले की प्रत्येक वाचणाऱ्याला दोन-तृतीयांश मजकूर आपल्या कामाचा नाही असं वाटतं, आणि ते बरोबरच असतं.

आता शोध. यातला बहुतेक वेळ नावं खोडण्यात जातो आणि तसाच जायला हवा. प्रत्येक नावाला सहा प्रश्न लावा: ते आपल्या भूभागात देतात का, आपल्या विषयाला देतात का, आपल्यासारख्या कायदेशीर स्वरूपाच्या संस्थेला देतात का, आपल्याला हव्या त्या खर्चाला (बांधकाम, पगार, उपकरणं) देतात का, त्यांची नेहमीची रक्कम आपल्या गरजेच्या आसपास आहे का, आणि न बोलावता आलेला अर्ज घेतात का. एकाही प्रश्नाला ‘नाही’ आलं की नाव खोडायचं. ‘तरी पाठवून बघू’ यात आठवडे जातात.

उत्तरं कुठे सापडतात? संस्थेच्या संकेतस्थळावर जे लिहिलंय त्यापेक्षा तिने प्रत्यक्षात कुणाला दिलं ते बघा. अमेरिकेतल्या खासगी फाउंडेशनांना दरवर्षी फॉर्म ९९०-पीएफ हे करविवरण भरावं लागतं आणि ते सगळ्यांना खुलं असतं. ‘कॅन्डिड’ या ना-नफा संस्थांची माहिती देणाऱ्या संस्थेकडे (फाउंडेशन सेंटर आणि गाइडस्टार या दोन संस्था २०१९ मध्ये एकत्र येऊन ती झाली) किंवा प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेच्या ‘नॉनप्रॉफिट एक्सप्लोरर’वर ते मिळतं, दुसऱ्या ठिकाणी तर फुकट. ब्रिटनमधल्या न्यासांसाठी इंग्लंड-वेल्सच्या चॅरिटी कमिशनचं रजिस्टर आहे, आणि ‘३६०गिव्हिंग’ची ‘ग्रँटनॅव्ह’ ही शोधसुविधा एकेक अनुदान दाखवते.

९९०-पीएफमध्ये चार गोष्टी बघायच्या. पहिली, ‘आम्ही फक्त आधी ठरवलेल्या संस्थांनाच देतो’ अशा अर्थाची एक चौकट असते. तिथे खूण असेल तर तिथेच थांबा. दुसरी, वर्षात दिलेल्या अनुदानांची यादी: कुणाला, कशासाठी, किती. तिसरी, पुढच्या वर्षांसाठी मंजूर झालेली पण अजून न दिलेली अनुदानं, म्हणजे आधीच गुंतलेला पैसा. चौथी, मालमत्ता. या फाउंडेशनांना गुंतवणुकीच्या साधारण ५ टक्के रक्कम दरवर्षी वाटावी लागते. १ कोटी डॉलरची मालमत्ता असेल तर वर्षाला सुमारे ५ लाख डॉलर. त्यातून गुंतलेली रक्कम वजा करा, उरेल त्यावर तुमच्यासारखे सगळे अर्जदार उभे असतात.

लागोपाठ तीन वर्षांची यादी एका तक्त्यात उतरवा. सरासरी काढू नका, मध्यक काढा, म्हणजे रकमा क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा. एखादं प्रचंड अनुदान सरासरीला फुगवतं आणि तुम्ही भलतीच रक्कम मागून बसता. मग या वर्षी ज्यांना मिळालं त्यांतले किती जण आधीच्या दोन वर्षांत नव्हते ते मोजा. जवळजवळ सगळे जुनेच असतील तर दार उघडं दिसत असूनही बंद आहे. पहिल्यांदा मागताना मध्यकाच्या थोडं खाली राहा. हे फॉर्म आर्थिक वर्ष संपल्यावर पाचव्या महिन्यात भरायचे असतात, वर सहा महिन्यांची मुदतवाढ मिळते, त्यामुळे हाती येणारं चित्र दीड-दोन वर्षं जुनं असू शकतं. मधल्या काळात धोरण बदललं का ते संकेतस्थळावर नक्की बघा.

उलट्या दिशेनेही शोधा. तुमच्याच आकाराच्या आणि तुमच्यासारख्याच संग्रहांच्या दहा संग्रहालयांचे वार्षिक अहवाल, प्रदर्शनांच्या पुस्तिकांमधलं आभाराचं पान, दालनांवरच्या पाट्यांचे फोटो. ज्या नावाची तीनदा गाठ पडते ते यादीत वर घ्या.

विषय जुळणं किती बारीक असतं त्याचं एक उदाहरण. ब्रिटिश लायब्ररीचा ‘एन्डेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्रॅम’ २००४ पासून आहे आणि त्याला ‘आर्केडिया’ या धर्मादाय निधीकडून पैसे मिळतात. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा ‘मॉडर्न एन्डेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्रॅम’ही ‘आर्केडिया’च्याच पैशावर चालतो. पहिला जुन्या, आधुनिकपूर्व काळाच्या साहित्याकडे झुकतो, दुसरा विसाव्या-एकविसाव्या शतकाकडे. तुमची हस्तलिखितं पहिल्याकडे शोभतील, अलीकडच्या काळातले फोटो दुसऱ्याकडे. शिवाय पहिल्या कार्यक्रमात मूळ साहित्य आपापल्या देशातच राहतं आणि डिजिटल प्रती संशोधनासाठी खुल्या होतात. प्रती खुल्या करायला विश्वस्तांची किंवा मूळ मालकांची हरकत असेल तर अर्ज लिहिण्याआधीच विचारून घ्या.

यादी आठ-दहा नावांवर आली की अर्जाआधी एक ईमेल किंवा फोन. ‘आम्हाला मदत कराल का’ असं विचारू नका. ‘कोठारातल्या कपाटांचा खर्च तुमच्या या योजनेत धरता येतो का, आणि पगाराचा वाटा किती चालतो’ असं विचारा. नेमक्या प्रश्नाला नेमकं उत्तर मिळतं, आणि नकार असेल तर तो दहा मिनिटांत कळतो.

हिशेबनीस

‘गरज’ आणि ‘खर्च’ या दोन रकान्यांबद्दल लिहितो, कारण प्रस्ताव बहुतेक वेळा या दोघांच्या मधल्या फटीत पडतो. वर लिहिलेलं असतं ‘दमट हवेमुळे संग्रह धोक्यात’ आणि खाली मागितलेले असतात कॅमेरे. वाचणारा समिती-सदस्य एका बैठकीला वीस-तीस अर्ज वाचतो. त्याला ही फट पहिल्या मिनिटात दिसते.

गरज मोजून मांडा. कोठारासाठी इक्रॉमची (सांस्कृतिक वारशाच्या जतनासाठीची आंतरराष्ट्रीय संस्था) ‘री-ऑर्ग’ पद्धत आहे, ती १०,००० पर्यंत वस्तू असलेल्या संग्रहालयांसाठीच बेतलेली आहे. व्यवस्थापन, इमारत व जागा, संग्रह, फर्निचर व छोटी उपकरणं असे चार भाग करून स्वतःचं मूल्यमापन करायचं. त्याचा निकाल प्रस्तावाला जोडला की ‘कोठार अस्ताव्यस्त आहे’ हे वाक्य लिहायची गरज उरत नाही. जमिनीवर ठेवलेल्या वस्तू किती, दाखल क्रमांकावरून वस्तू शोधायला किती मिनिटं लागतात (२० क्रमांक चिठ्ठ्या टाकून निवडा आणि घड्याळ लावा), किती सापडल्याच नाहीत, हे तीन आकडे पानभर करुणेपेक्षा जड पडतात. काम संपल्यावर तेच तीन आकडे पुन्हा घेतले की अंतिम अहवालही निम्मा लिहून होतो.

धोक्याची तुलना करायची असेल तर इक्रॉम आणि कॅनेडियन कॉन्झर्वेशन इन्स्टिट्यूटची ‘एबीसी’ पद्धत वापरा. ए म्हणजे घटना किती वेळा घडते किंवा झीज किती वेगाने होते, बी म्हणजे ज्या वस्तूंना झळ बसते त्यांचं मूल्य किती घटतं, सी म्हणजे संग्रहाच्या मूल्यातला किती वाटा त्या झळीत येतो. प्रत्येकाला जास्तीत जास्त ५, तिघांची बेरीज जास्तीत जास्त १५. मोजपट्टी अशी आहे की एका गुणाचा फरक म्हणजे दहापट. छतातून दर दहा वर्षांनी एकदा पाणी येतं (४), भिजलेल्या वस्तूंचं मूल्य दहा टक्क्यांनी घटतं (४), संग्रहाचा दहावा हिस्सा त्या बाजूला आहे (४), बेरीज १२. दुसरा एखादा धोका १० वर आला तर तो शंभर पटींनी लहान. विश्वस्तांना ‘आधी छत, मग एसी’ हे पटवून द्यायलाही हा तक्ता उपयोगी पडतो, अनुदान मिळो न मिळो.

कापड, लाकूड, कागद हे सगळं एकाच खोलीत असेल तर हवेची मोजणी लागेलच. डेटालॉगर (तापमान-आर्द्रता आपोआप नोंदवणारं छोटं यंत्र) दोन्ही खोल्यांत एकेक आणि बाहेर सावलीत एक, नोंद दर ३० मिनिटांनी, आणि सगळे ऋतू येतील इतका काळ. चार आठवड्यांचा आलेख जोडला तर जाणकार परीक्षक तो बाजूला ठेवतो. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बराच वेळ राहिली तर बुरशीचा धोका, तेव्हा वर्षातले किती तास ती त्या वर होती हा आकडा ठळक द्या. कसरीसाठी चिकट सापळे भिंतीलगत ठेवा, प्रत्येकाला क्रमांक द्या आणि दर महिन्याला मोजणी करा. कुठल्या कोपऱ्यात जास्त सापडते त्यावरून ओल कुठे आहे तेही कळतं.

एक सावधगिरी: ‘५० टक्के आर्द्रता, २० अंश, वर्षभर, चोवीस तास’ असं लिहू नका. मोठ्या संग्रहालयांच्या बिझो गटाच्या ‘ग्रीन प्रोटोकॉल’मध्ये बहुतेक सेंद्रिय वस्तूंसाठी ४० ते ६० टक्के आर्द्रता आणि १६ ते २५ अंश तापमान अशी ऐसपैस मर्यादा आहे, फक्त २४ तासांत आर्द्रतेची हालचाल १० टक्क्यांपलीकडे नको. काटेकोर नियंत्रणाचा प्रस्ताव आता जुनाट दिसतोच, आणि यंत्राचं वीजबिल अनुदान संपल्यावर कोण भरणार हा प्रश्न ओढवून घेतो. ज्या भिंतीतून ओल येते तिची दुरुस्ती, खिडक्यांच्या फटी, कपाटं भिंतीपासून १५-२० सेंटिमीटर पुढे ओढणं, आर्द्रताशोषक यंत्र, या क्रमाने मांडा.

आता डिजिटायझेशनचा हिशेब. सगळ्यात जास्त वेळा चुकतो तो वेगाचा अंदाज. ५० वस्तूंवर चाचणी घ्या, मिश्र: घडीचं कापड, जड धातू, कागद. कोठारातून काढणं, धूळ झटकणं, मापं, फोटो, क्रमांक घालणं, नोंद, परत ठेवणं, हे सगळं धरून सरासरी काढा. समजा २० मिनिटं आली. दिवसाचे खरे कामाचे तास ६ धरा, ८ नाही. म्हणजे दिवसाला १८ वस्तू. ४,००० भागिले १८ म्हणजे सुमारे २२२ दिवस. तपासणी आणि फेरफोटोसाठी १० टक्के वाढवा: साधारण २४४. सुट्ट्या-रजा वजा जाता वर्षाचे २२० दिवस धरले तर एका माणसाचं काम सव्वातेरा महिने. भरतीला २ महिने, प्रशिक्षण आणि मांडणीला १, शेवटच्या अहवालाला १. झाले सव्वासतरा. प्रकल्प १८ महिन्यांचा मागा. १२ महिन्यांत बसवायचाच असेल तर माणसं दोन घ्या किंवा वस्तू कमी करा, आणि कमी केल्या तर निवडीचा निकष लिहा.

साठवणुकीचा खर्चही असाच काढा. २४ मेगापिक्सेल, १६ बिट, तीन रंगवाहिन्या, न दाबलेली टिफ फाइल: २.४ कोटी गुणिले ३ गुणिले २ बाइट, म्हणजे १४४ मेगाबाइट. वस्तूमागे तीन फोटो म्हणजे १२,००० फाइली, १.७ टेराबाइटच्या वर. तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत किंवा क्लाउडवर, म्हणजे ५ टेराबाइटच्या पुढे. ८ बिट पुरत असेल तर निम्मं. नोंदींच्या सॉफ्टवेअरची वार्षिक वर्गणी अनुदानानंतरही चालू राहते, ती कुणाच्या खात्यातून जाईल ते एका वाक्यात सांगा.

आणि दाखलवही आधी. ज्या वस्तूला क्रमांक नाही तिचा उत्तम फोटो काढला तरी ती अनाथच राहते. संग्रहांना पोचणाऱ्या हानीची जी दहा कारणं मानतात त्यांत आग, पाणी, कीड यांच्या बरोबरीने ‘संबंध तुटणं’ हेही आहे, म्हणजे वस्तू आणि तिची माहिती एकमेकांपासून सुटणं. तुमच्या बिननोंदीच्या वस्तूंची गरज या एका शब्दप्रयोगात मांडता येते.

कोठारपाल

दोघांचेही आभार. दालनासाठी व्यक्ती आणि कंपन्याच असतील तर त्यांचा शोध कसा घ्यायचा? आणि प्रकल्पाच्या खर्चातला संग्रहालयाचा स्वतःचा वाटा म्हणून स्वयंसेवकांचे तास दाखवले तर चालतात का?

हिशेबनीस

चालतात, निधी देणाऱ्याने मान्य केले असतील तर. हजेरी सहीसकट ठेवा, तासाचा दर कशावरून धरला ते लिहून ठेवा. तोच तास दोन अनुदानांत वाटा म्हणून दाखवू नका, लेखापरीक्षणात सर्वांत आधी हेच सापडतं. आणि ‘देणार आहे’ असं कुणी तोंडी म्हणालेली रक्कम वाट्यात धरू नका. हमीपत्र हवं, त्यात रक्कम आणि तारीख हवी.

अप्रत्यक्ष खर्चही विसरू नका: हिशेबनिसाचा पगार, वीज, विमा. काही न्यास शून्य देतात, काही ठरावीक टक्के. अमेरिकी सरकारच्या अनुदानांत ज्यांचा वेगळा दर ठरलेला नाही त्यांना अप्रत्यक्ष खर्चासाठी धरता येणारी कमाल टक्केवारी १ ऑक्टोबर २०२४ पासून १० वरून १५ टक्के झाली. शून्य देणाऱ्याकडे मागताना प्रकल्पाच्या खोलीचं भाडं किंवा लेखापरीक्षणाचा भाग प्रत्यक्ष खर्चात दाखवता येतो का ते विचारा. दोन्हीकडे मात्र दाखवू नका.

पडताळा

व्यक्तींच्या शोधात तीन गोष्टी लागतात: ओळख, ऐपत, आवड. नवे लोक ऐपतीपासून सुरू करतात, श्रीमंतांची यादी आणतात आणि महिनोन्महिने पत्रं पाठवतात. क्रम उलटा ठेवा. आधी जे संग्रहालयाच्या आत आहेत ते: पूर्वी वस्तू दिलेली कुटुंबं (दाखलवहीतच नावं आहेत!), जुने विश्वस्त, नियमित स्वयंसेवक, व्याख्यानांना येणारे, लहान पण दरवर्षी देणारे. शेवटची देणगी कधी, किती वेळा, किती, या तीन रकान्यांवर यादी लावा. सात वर्षं न चुकता छोटी रक्कम देणारा माणूस एकदाच मोठी देऊन गेलेल्यापेक्षा बहुधा आधी भेटण्याजोगा असतो.

ऐपत पाहायला सार्वजनिक नोंदीच वापरा: कंपनी-संचालकांच्या नोंदी, प्रसिद्ध झालेले वार्षिक अहवाल, इतर संस्थांच्या देणगीदार-याद्या. त्या याद्या रकमेच्या गटांनुसार छापलेल्या असतात, त्यामुळे आकड्याचा अदमास येतो. एका व्यक्तीवर एकच पान: संग्रहाशी संबंध, पूर्वीच्या देणग्या, कुठल्या विषयांना देतात, कोण ओळखतं, सुचवलेली रक्कम, पुढचं पाऊल आणि ते कुणी टाकायचं. घटस्फोट, आजारपण, घरातली भांडणं यातलं काहीही लिहू नका. कसोटी साधी आहे: ते पान त्या व्यक्तीने मागितलं तर लाज न वाटता हातात देता यायला हवं. युरोपीय संघात २५ मे २०१८ पासून जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे आणि माणसाला स्वतःबद्दलची माहिती मागण्याचा हक्क आहे. ब्रिटनमध्ये तर त्याआधीच, डिसेंबर २०१६ मध्ये, माहिती-आयुक्तांनी दोन मोठ्या धर्मादाय संस्थांना देणगीदारांना न सांगता त्यांच्या संपत्तीची छाननी केल्याबद्दल दंड केला होता. तुमच्या देणगी-अर्जावर गोपनीयतेचं निवेदन आहे का, ते आजच बघा.

पैसा येण्याआधी त्याचा पडताळाही करा. दालनाला नाव देणार असाल तर हे टाळता येत नाही. मार्च २०१९ मध्ये लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीला सॅकलर ट्रस्टकडून (व्यसन लावणाऱ्या वेदनाशामकांच्या व्यवसायावरून वादात सापडलेल्या कुटुंबाचा न्यास) मिळणारे १० लाख पौंड दोघांच्या संमतीने बाजूला ठेवले गेले. त्याच वर्षी लूव्हरने सॅकलर हे नाव उतरवलं आणि डिसेंबर २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने सात ठिकाणांवरून. नाव देण्याच्या करारात मुदत आणि नाव काढण्याची अट दोन्ही घाला. ‘कायमस्वरूपी’ हा शब्द घालू नका. १० ते २० वर्षं हा समंजस आकडा, दालनाची मांडणीही तेवढीच टिकते.

आणखी एक खास संग्रहालयाचाच धोका: देणगीदार स्वतः संग्राहक असतो आणि तुमच्या दालनात त्याच प्रकारच्या वस्तू मांडल्या की त्याच्या संग्रहाचा भाव वाढतो. वस्तूंची निवड अभिरक्षकाचीच राहील हे करारात लिहा. तो पैशाबरोबर वस्तूही देत असेल तर मालकीचा इतिहास कागदोपत्री मागा. १९७० नंतर मूळ देशाबाहेर गेलेली पुरावस्तू असेल आणि निर्यात-परवाना नसेल तर युनेस्कोच्या त्या वर्षीच्या करारामुळे प्रश्न उभे राहतील. देणगीदाराला करसवलतीसाठी वस्तूचं मूल्यांकन हवं असतं, ते संग्रहालयाने करून देऊ नये. अमेरिकेत तर वस्तू घेणारी संस्था त्या कामासाठी पात्र मूल्यांककच मानली जात नाही.

टक्केवारीवाल्या सल्लागाराबद्दल: नको. असोसिएशन ऑफ फंडरेझिंग प्रोफेशनल्स आणि ग्रँट प्रोफेशनल्स असोसिएशन, दोन्ही संघटनांच्या आचारसंहितेत टक्केवारीने मोबदला घेणं निषिद्ध आहे. नीती बाजूला ठेवली तरी हिशेब बसत नाही. मंजूर रक्कम प्रकल्पाच्या ठरलेल्या खर्चासाठी असते, अर्ज लिहिण्याचं काम मंजुरीच्या आधीचं. ते १० टक्के कुठल्या खात्यातून देणार? शिवाय अशा माणसाचा कल मोठा आकडा मागण्याकडे असतो, तुम्हाला पेलेल त्याकडे नाही. ठरावीक मोबदला किंवा तासाचा दर ठरवा, मसुद्याचे हक्क संग्रहालयाकडे ठेवा.

चौथा_मसुदा

‘एकाही प्रश्नाला नाही आलं की खोडा’ हे जरा कडक वाटतं. ‘न बोलावता अर्ज घेत नाही’ म्हणणाऱ्या लहान कौटुंबिक न्यासांतही विश्वस्तांना शिफारस करायची मुभा असते. तुमच्या मंडळातल्या कुणाची तिथल्या विश्वस्ताशी खरी ओळख असेल तर ते नाव वेगळ्या यादीत ठेवावं. अर्ज पाठवायचा नाही, कोठार बघायला बोलवायचं.

चाळणी

मान्य, ‘खरी ओळख’ यावर जोर देऊन. लग्नात एकदा भेटले होते, ही ओळख नव्हे.

चौथा_मसुदा

त्यावर वाद नाही. आता लिखाणाबद्दल थोडं, ते राहिलंच आहे.

प्राथमिक पत्र दोन पानांचं. पहिल्या परिच्छेदातच रक्कम, मुदत आणि नेमकं काम: ‘१८ महिन्यांत ४,००० वस्तूंची नोंद आणि छायांकन, त्यासाठी अमुक इतकी रक्कम.’ संस्थेचा इतिहास शेवटी, चार ओळी. स्थापनेपासून सुरू होणारं पत्र वाचणाऱ्याला मागणीपर्यंत पोचायला दुसरं पान लागतं.

पूर्ण अर्जात त्यांच्या गुणांकनाच्या निकषांचेच शब्द मथळे म्हणून घ्या, त्याच क्रमाने. निष्पत्ती आणि परिणाम वेगळे ठेवा. ४,००० नोंदी ही निष्पत्ती. संशोधकाला वस्तू दोन दिवसांऐवजी दहा मिनिटांत सापडणं हा परिणाम. ‘जनजागृती होईल’ हा कुठल्याच रकान्यात बसत नाही, कारण तो मोजता येत नाही. मूल्यमापनाचा खर्चही मागा, नाहीतर ते काम अखेरच्या आठवड्यात घाईने उरकलं जातं.

पाठिंब्याची पत्रं गोळा करण्यात वेळ घालवू नका. ‘हा प्रकल्प स्तुत्य आहे’ अशी दहा पत्रं एका हमीपत्रापुढे फिकी पडतात. हमीपत्र म्हणजे, उदाहरणार्थ, विद्यापीठाने लिहून द्यावं की आमचा एक संवर्धक महिन्यातून दोन दिवस येईल, प्रवासखर्च आमचा.

दरपत्रकं बहुधा ९० दिवसांसाठी असतात आणि निर्णयाला सहा-आठ महिने लागू शकतात. ‘आकस्मिक खर्च’ हा रकाना चालतो का ते विचारा. चालत नसेल तर पुरवठादाराकडून वर्षभर टिकणारं दरपत्रक मागा. परकीय चलनात निधी असेल तर कुठल्या तारखेचा दर धरला ते अर्जात नोंदवा, बँकेचं शुल्क वेगळं दाखवा.

मुदतीच्या १२ आठवडे आधी सुरुवात करा. पहिले दोन आठवडे पात्रता आणि नोंदणी, कारण अमेरिकी सरकारी निधीसाठी लागणारा ‘यूईआय’ हा संस्थेचा ओळख-क्रमांक किंवा तत्सम नोंदणी अनेकदा याहूनही जास्त वेळ खाते. मंडळाचा ठराव बैठकीच्या तारखेवर अवलंबून, तो आधीच मागून ठेवा. लेखापरीक्षित ताळेबंद बहुधा दोन-तीन वर्षांचे लागतात. मजकूर आठव्या आठवड्यापर्यंत, मग संग्रहालयाबाहेरच्या एका माणसाला वाचायला द्या. त्याने वाचून काय काम होणार आणि कितीला ते सांगता आलं नाही तर पुन्हा लिहा.

पोर्टलवर मजकूर चिकटवण्याआधी अक्षरमर्यादा रिकाम्या जागांसकट मोजतात का ते तपासा. काही पोर्टल मर्यादेबाहेरचा मजकूर न सांगता कापतात, म्हणून जतन करून पुन्हा उघडून शेवटचं वाक्य बघा. मुदतीची वेळ कुठल्या कालक्षेत्राची ते लिहून ठेवा आणि ४८ तास आधी पाठवा. पोचपावतीचा स्क्रीनशॉट प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये.

मंजूर झालं की पहिल्याच आठवड्यात वेगळं खातेशीर्षक उघडा आणि अहवालांच्या सगळ्या तारखा दिनदर्शिकेत टाका. एखाद्या रकान्यातला खर्च १० टक्क्यांहून जास्त हलणार असेल तर करारातली मर्यादा बघून आधी लेखी परवानगी घ्या. खर्च झाल्यावर मागितलेली परवानगी नाकारली गेली तर ती रक्कम संग्रहालयाच्या खिशातून जाते.

कोठारपाल

नामंजूर झालं तर त्याच वर्षी पुन्हा अर्ज करावा का?

चाळणी

आधी परीक्षकांचे शेरे मागा. सरकारी योजनांत ते बहुधा मिळतात, खासगी न्यासांत क्वचित. ‘विषय बसत नाही’ असा शेरा असेल तर नाव खोडा. ‘आराखडा अपुरा’ असेल तर पुढच्या फेरीत, चाचणीच्या ५० वस्तूंचे निकाल जोडून. तोवर यादीतल्या पुढच्या नावाला प्राथमिक पत्र जाऊ द्या, पण एकाच खर्चासाठी दोन ठिकाणी अर्ज चालू असतील तर दोघांनाही तसं कळवा, आणि दोन्ही मंजूर झाले तर कुणाच्या पैशातून कुठल्या वस्तू होतील ती विभागणी आत्ताच करून ठेवा.